शून्य ते पाच

तपासणीच्या चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास उरलेला असताना, टोकबाईंना एका पेपराचा मनापासून राग आला. पेपर बत्तीस गुणांवर अडकला होता. पास व्हायला पस्तीस लागतात. असे पेपर परीक्षकाचा जीव खातात. पंधरावाला पेपर कसा, एकदा उडवला की मोकळे. पण तीस ते चौतीसच्या मधला प्रत्येक पेपर ज्याने तपासला त्यानेच पुन्हा पहिल्या पानापासून बघायचा आणि मग शेजारच्या परीक्षकाकडून सही घ्यायची, असा नियम होता. आज टोकबाईंच्या वाट्याला असे सहा आले होते. मान आखडली होती, लाल पेनाने बोटं रंगली होती आणि पंखा नेमका त्यांच्या टेबलाला पाठ करून फिरत होता.

टोकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं त्या शाळेच्या शेवटच्या वर्गाला गणित शिकवत होत्या आणि बावीस वर्षं एकच वाक्य ओरडत होत्या, "टोकं बघितली का?" गणित असं असतं की एक फंक्शन दिलेलं असतं, समजा एक वर-खाली जाणारी रेघ. ती कुठून कुठपर्यंत बघायची तेही सांगितलेलं असतं, शून्यापासून चारपर्यंत वगैरे. तेवढ्या पट्ट्यात ती सगळ्यात उंच कुठे जाते आणि सगळ्यात खाली कुठे येते ते शोधायचं. पोरं काय करतात, डेरिव्हेटिव्ह काढतात, शून्याला टेकवतात, रेघ जिथे वळते ते बिंदू मिळाले की उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी होतात. पण रेघ मधे कुठे वळली म्हणून तिथेच सगळ्यात उंच असेल असं थोडंच आहे? पट्ट्याच्या अगदी टोकाला ती त्याहून वर गेलेली असू शकते. म्हणून वळणाचे बिंदूही बघायचे, दोन्ही टोकंही बघायची, आणि मगच तोंड उघडायचं.

टोकबाईंचे यजमान बसमध्ये तिकीट तपासनीस होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी हे ऐकून सांगितलं होतं, "अगं, आम्ही बसमध्ये चढलो की आधी दोन्ही दारं बघतो. बिनतिकिटवाला कधी मधल्या सीटवर बसत नाही." बाईंनी ते उचललं आणि दर वर्षी वर्गात सांगितलं. यजमानांना त्याचा केवढा अभिमान! लग्नाकार्यात कोणी भेटलं की म्हणायचे, "गणिताच्या शिक्षणात आमचाही हातभार आहे."

तर हा बत्तीसवाला पेपर. टोकबाईंनी तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. अक्षर असं की मुंगी शाईत बुडवून सोडली असावी. पहिल्या प्रश्नात अर्धा गुण वाढेल का, बघितलं. नाही वाढला. तिसऱ्यात पोराने बेरीजच चुकवली होती. चौथा सोडूनच दिला होता. मुलगा की मुलगी, कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं, काही कळायला मार्ग नव्हता. वर नुसता आकडा. टोकबाई मनातल्या मनात त्या आकड्याशी भांडत होत्या. अरे, तीन गुण! वर्षभर काय झोपा काढत होतास?

मग सहावा प्रश्न आला. सहा गुणांचा. इथे त्या आकड्याने डेरिव्हेटिव्ह बरोबर काढलं होतं, एक आणि तीन हे बिंदू बरोबर काढले होते. त्याचे तीन गुण बाईंनी सकाळीच दिलेले होते. आणि पुढे सगळ्यात मोठी किंमत लिहिली होती एकवीस. उत्तरसूचीत होतं पाच. सकाळी बाईंनी त्या एकवीसवर लाल फुली मारली होती, चांगली जोरात, कागद फाटेल अशी. इतकं सगळं बरोबर करून शेवटी माती खाल्ली म्हणून त्यांना जास्तच चीड आली होती. आता पुन्हा बघितलं. पोराने चार ओळींचा छोटासा तक्ता केला होता. शून्याला एक. एकला पाच. तीनला एक. पाचला एकवीस. आणि शेवटच्या ओळीभोवती वाकडातिकडा चौकोन.

पाचला एकवीस कसे येतील, म्हणून टोकबाईंनी कच्च्या कागदावर मांडलं. एकशे पंचवीस, वजा दीडशे, अधिक पंचेचाळीस, अधिक एक.

एकवीस.

पुन्हा मांडलं. पुन्हा एकवीस. टोकबाईंनी प्रश्नपत्रिका पुढे ओढली. "शून्य ते पाच या अंतरात." पाच! तिथे पाच छापलं होतं. आणि एका क्षणात त्यांना सगळं आठवलं.

कारण प्रश्न त्यांचाच होता. पेपर त्यांनी काढला होता आणि उत्तरसूचीही त्यांनीच लिहिली होती. हे हॉलमधल्या चाळीस परीक्षकांपैकी कोणालाही माहीत नव्हतं आणि माहीत असायचंही नव्हतं. पेपर कोणी काढला हे घरीसुद्धा सांगायचं नाही, असं लिहून घेतलेलं असतं. आधी त्यांनी अंतर दिलं होतं शून्य ते चार. तेव्हा उत्तर पाच हे बरोबर होतं. पण चारलाही पाच येत होते आणि एकलाही पाच. शेवटच्या प्रुफाच्या वेळी त्यांच्या मनात आलं, दोनदा पाच आले तर पोरं गोंधळतील. म्हणून चारच्या जागी पाच केलं. उत्तरसूची तोवर वेगळ्या पाकिटात बंद झाली होती, ते उघडायचं तर अर्ज करा, सही घ्या, नवं लाखेचं सील लावा. टोकबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला, डेरिव्हेटिव्ह तेच, वळणाचे बिंदू तेच, मग उत्तर बदलतंय कुठे? कशाला तो उपद्व्याप!

टोक बदललं होतं आणि टोक बघितलं नव्हतं. टोकबाईंनी!

त्यांना वाटलं, इथेच टेबलावर डोकं आपटावं. आजवर किती पोरांच्या वहीवर त्यांनी हेच वाक्य लाल शाईत लिहिलं होतं. पालकांना बोलावून सांगितलं होतं की तुमच्या मुलाचं लक्ष नाही. आणि चार दिवस त्या स्वतः, समोर छापलेलं पाच दिसत असताना, सूचीतला आकडा बघून टीक मारत होत्या आणि एकवीसवर फुल्या मारत होत्या. त्या एकट्याच नाही, चाळीसच्या चाळीस जण. दिवसाला पन्नास पेपर असले की माणूस गणित करत नाही, फक्त आकडा जुळवतो.

पहिल्यांदा त्यांनी केलं ते भित्र्या माणसाने केलं असतं तेच. इकडेतिकडे बघितलं, फुली खोडली, शेजारी टीक केली, तीन गुण वाढवले, पहिल्या पानावर पस्तीस लिहिलं आणि पेपर शेजारी सरकवला.

शेजारी बसायचे ते दुसऱ्या शाळेतले एक सर. त्यांना सगळे तराजू म्हणत, कारण अर्ध्या गुणाचाही अर्धा करता आला असता तर तो त्यांनी केला असता. तराजूसरांनी चष्मा वर केला, पेपर बघितला, सूची बघितली.

"बाई, सूचीत पाच आहे."

"अहो, पण एकवीस बरोबर आहे. करून बघा ना."

"मी कशाला करून बघू? सूची करणाऱ्यानं केलंच असेल की."

"नसेल केलं तर?"

"बाई, आपण पाच दिवसांचे पाहुणे. सूची करणारी माणसं मोठी असतात, विचार करून करतात." आणि तराजूसरांनी शांतपणे पस्तीस खोडून बत्तीस केलं आणि सही केली. "पोराची दया येते, कळतं मला. पण अशी दया करायला लागलो तर संपलंच."

टोकबाईंना ओरडावंसं वाटलं की ती मोठी माणसं म्हणजे मी आहे! पण लिहून दिलेलं होतं. त्यांच्याच सूचीने त्यांनीच वाढवलेले गुण कापले होते आणि वर दयाळूपणाचा ठपका ठेवला होता.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या मुख्य नियामकांच्या खोलीत गेल्या. हे गृहस्थ वर्षभर परीक्षा कार्यालयात अधिकारी असत आणि तपासणीच्या दिवसांत हॉलवर नेमले जात. त्यांच्या टेबलावर शिक्क्यांचा एक गोल स्टँड होता आणि बोलता बोलता ते तो फिरवत बसत, म्हणून त्यांना शिक्केसाहेब म्हणायचे. पेपर टोकबाईंचा आहे हे ठाऊक असलेले ते इथे एकटेच. बाईंनी दार लावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

शिक्केसाहेबांनी स्टँड फिरवला. "एकवीस किती जणांनी लिहिलंय?"

"मोजलं नाही. शंभरात दोन-तीन असतील."

"आणि पाच?"

"बाकी बहुतेकांनी."

"म्हणजे सूची दुरुस्त करायची तर आठ हजार पेपर पुन्हा उघडायचे आणि बहुतेकांचे तीन-तीन गुण कापायचे. त्यातली किती पोरं पस्तीसवरून खाली येतील, विचार केलाय?"

टोकबाईंनी तो विचार केला नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "पण ती चुकलीच आहेत, साहेब. त्यांनी टोकं बघितलेली नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बघितलीत?"

हे तोंडात मारल्यासारखं लागलं. साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं, त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा बाई, मला वर कळवायचं तर सूची करणाऱ्याच्या नावासकट कळवावं लागेल. पेपर काढणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव कायमचं जाईल. नऊ वर्षं आहात तुम्ही. एका पेपरासाठी?"

"एक नाही, दोनशे असतील."

"तुम्हाला दिसतोय तो एकच ना?"

दिसत होता तो एकच, हे खरं होतं. मुंगीचं अक्षर आणि वाकडा चौकोन. उरलेला दिवस टोकबाईंनी पन्नासांतले राहिलेले पेपर तपासले आणि प्रत्येकाच्या सहाव्या प्रश्नाशी त्यांचा हात थांबला. पाच, पाच, पाच, पाच. सगळ्यांना टीक. एका पेपरात एकवीस लिहिलं होतं. त्याला आधीच अठ्ठ्याऐंशी होते, त्याचं काही बिघडत नव्हतं. त्या एकवीसवर फुली मारताना मात्र टोकबाईंना रडू यायचंच बाकी राहिलं.

संध्याकाळी घरी त्या बटाटे सोलायला बसल्या. यजमान ड्युटीवरून येऊन बूट काढत होते. त्यांनी दोन मिनिटं बघितलं.

"साल काढतेयस की बटाटा संपवतेयस?"

"तुम्हाला जमत असेल तर तुम्ही सोला."

"बरं बरं." ते समोर बसले आणि दुसरी सुरी घेतली. "आज कोण सापडलं बिनतिकीट?"

हा त्यांचा रोजचा विनोद होता. टोकबाईंनी रोज दिलं असतं तसं उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "मीच."

यजमानांनी काय, कुठे, कसं असं काही विचारलं नाही. तपासणीच्या दिवसांत विचारायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मला एकदा माझ्याच हाताखालच्या पोराने पकडलं होतं. सुट्टीच्या दिवशी पास घरी विसरून चढलो होतो. तो बिचारा म्हणे, जाऊ द्या काका. मी म्हटलं, फाड पावती. सबंध बस बघत होती. महिनाभर डेपोत सगळे हसले. मग विसरले."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला विसरतोय?" ते म्हणाले. "अजून आठवलं की कान गरम होतात."

टोकबाईंना त्यांचा राग आला, कारण त्यांनी धीर दिला नव्हता. म्हणायला हवं होतं की मीही विसरलो, तसं कोणीही म्हटलं असतं. पण हा माणूस बावीस वर्षांत कधी सोयीचं बोलला नाही. त्या रागाच्या भरातच त्यांनी जेवणं उरकल्यावर कागद घेतला आणि अर्ज लिहिला. "प्रश्न सहाची उत्तरसूची मी तयार केली. अंतर बदलल्यावर मी टोकाची किंमत तपासली नाही. योग्य उत्तर एकवीस आहे. चूक सर्वस्वी माझी." चार ओळी लिहायला चार कागद लागले, कारण पहिल्या तिन्हींत "घाईगडबडीत" हा शब्द आला होता आणि तो खरा नव्हता. घाई नव्हती. कंटाळा होता, आणि आपल्याला सगळं येतं ही मस्ती होती.

दुसऱ्या दिवशी, तपासणीच्या शेवटच्या दिवशी, त्या थेट साहेबांकडे गेल्या नाहीत. आधी दाराशी बसणाऱ्या कारकुनाकडे गेल्या आणि अर्जावर आवक शिक्का मारून घेतला. एकदा आवक क्रमांक पडला की कागद कोणाच्या बापाला दाबता येत नाही, तो वर जातोच. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं शहाणपण त्यांना आलं होतं.

शिक्केसाहेबांनी अर्जावरचा शिक्का बघितला आणि कपाळाला हात लावला. "आधी मला दाखवायचं होतंत."

"काल दाखवलं होतं."

वरून फोन यायला दुपार झाली. तोवर टोकबाईंना एकही पेपर धड तपासता आला नाही. साहेब हॉलमध्ये आले, टाळी वाजवली आणि वाचून दाखवलं, "प्रश्न सहा. सगळ्यात मोठी किंमत पाच लिहिली असेल तरी पूर्ण गुण. एकवीस लिहिली असेल तरी पूर्ण गुण. पाचवाल्यांना हात लावायचा नाही. एकवीसवाले शोधून गुण वाढवायचे. सगळे गठ्ठे पुन्हा उघडा."

हॉलमध्ये जो कल्लोळ उठला तो विचारू नका. कोणी गाडीचं तिकीट काढलं होतं, कोणाच्या घरी पाहुणे यायचे होते. तराजूसर तर उभेच राहिले. "एका फंक्शनला दोन महत्तम किमती? पाचही सगळ्यात मोठी आणि एकवीसही सगळ्यात मोठी? कोणत्या दिवट्यानं काढलाय हा पेपर?"

टोकबाईंचे कान तापले. त्या साहेबांच्या मागोमाग खोलीत गेल्या. "साहेब, असं नका करू. पाचला गुण द्या हवे तर, पोरांचं नुकसान नको, कळतं मला. पण लिहा की पाच चूक आहे आणि आमच्या चुकीमुळे गुण दिले. बरोबर आहे असं लिहू नका."

"वरून जे आलं ते असं आलं. तुमच्या अर्जामुळेच आलं. आता दुरुस्त सूचीवर तुमची सही लागेल."

दुरुस्त सूचीत लिहिलं होतं, "उत्तर: ५ किंवा २१." टोकबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. सही नाही केली तर एकवीसवाले आहेत तिथेच राहणार. केली तर जन्मभर ज्याच्याशी भांडल्या तेच त्यांच्या सहीने बरोबर ठरणार. दातओठ खात त्यांनी सही केली. पेनाची निब मोडली.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा एकवीस सापडले. मुंगीच्या अक्षराचा पेपर टोकबाईंनी स्वतः शोधून काढला, बत्तीस खोडलं आणि पस्तीस लिहिलं. पहिल्या पानावर आता इतकी खाडाखोड झाली होती की आकडा कसाबसा वाचता येत होता. तराजूसरांनी सही केली. बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्या पोराच्या उत्तराला जेवढे गुण मिळाले तेवढेच टोक न बघणाऱ्यांनाही मिळाले होते, आणि हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

निकाल लागला. सुट्टी संपली. पेपर काढणाऱ्यांच्या नव्या यादीत टोकबाईंचं नाव नव्हतं.

तो धडा शिकवायची वेळ पुन्हा आली. टोकबाईंनी फळ्यावर रेघ काढली, वळणं दाखवली, बसची दोन दारं सांगितली आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "टोकं बघायची. काय वाट्टेल ते झालं तरी बघायची."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "पण बाई, मागच्या परीक्षेत तर पाचलाही पूर्ण गुण होते. उत्तरसूची लावली होती बाहेर. पाच किंवा एकवीस. माझ्या ताईनं टोकं बघितलीच नव्हती, तरी तिला सहापैकी सहा मिळाले."

वर्ग हसला. मुलीला जोर चढला. "मग कशाला बघायची? एवढा वेळ जातो."

इतके महिने दाबून ठेवलेला संताप टोकबाईंच्या डोक्यात गेला. "पाच चूक आहे," त्या ओरडल्या.

"पण बाई, सूचीत बरोबर म्हटलंय. सूची करणाऱ्यांना नाही का कळत?"

उत्तर द्यायची मनाई होती. लिहून दिलेलं होतं. टोकबाईंनी खडू खाली ठेवला. कान गरम झाले.

"सूची मी केली होती," त्या म्हणाल्या. "अंतर चारचं पाच केलं आणि टोक पुन्हा बघितलं नाही. चूक माझी. ती सूचीत गेली, तिथून चाळीस शिक्षकांच्या पेनात गेली, आणि तुझ्या ताईला फुकटचे तीन गुण मिळाले."

ती मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही, बाई?"

"हो, मी."

मग त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर चार ओळींचा तक्ता काढला. शून्याला एक, एकला पाच, तीनला एक, पाचला एकवीस. शेवटच्या ओळीभोवती चौकोन काढला, वाकडा.

"बाई, तुमचा चौकोन वाकडा येत नाही कधी," पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"हा माझा नाही. त्या परीक्षेतल्या एका पोराचा आहे. त्याच्यामुळे चूक सापडली."

"किती मिळाले त्याला?"

"पस्तीस."

"पस्तीसच?" मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"या प्रश्नाला पूर्ण मिळाले," टोकबाई म्हणाल्या. "मी सोडवला असता तर मला मिळाले नसते. आता वह्या काढा."